वस्तीवर बिबट्या दिसला. पिंजरा कधी मागायचा?

प्रश्न संगमनेर तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: मळ्यात वस्ती, घरात सासू-सासरे आणि दोन लहान मुलं, गोठ्यात गाई आणि थोड्या शेळ्या. गोठ्यावरच्या सीसीटीव्हीत पंधरवड्यात तीनदा बिबट्या दिसला. वनखात्याला कळवलं, ते येऊन बघून गेले, पण पिंजरा लावला नाही. गावात म्हणतात की हे बिबटे वनखात्यानंच गाडीत भरून आणून सोडलेत. त्यातच शेजारच्या उसाची तोड चालू असताना ‘बिबट्याची’ दोन पिल्लं सापडली, ती पोरांनी घरी आणून खोक्यात ठेवलीत. सोबत तीन क्लिपा आणि पिल्लांचा फोटो आहे.

ताई, आधी पिल्लांचं बोलू, कारण तिथं वेळ कमी आहे.

ही पिल्लं बिबट्याची नाहीत. फोटोत पोराच्या तळहातावर एक अख्खं पिल्लू मावलंय आणि त्याचे डोळे उघडलेले आहेत. बिबट्याचं पिल्लू जन्मतःच अर्धा किलोच्या आसपास असतं आणि डोळे उघडेपर्यंत ते एका तळहातावर मावत नाही. त्याचे पंजे जाड, अंगाला न शोभणारे मोठे असतात आणि केस राखाडी, दाट, लोकरीसारखे. तुमच्या फोटोतल्या पिल्लाच्या अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी आहेत, कपाळावरून मानेकडे रेघा गेल्यात, कान आखूड आणि गोल आहेत. ही वाघाटी. पूर्ण वाढलेली वाघाटीसुद्धा दीड किलोच्या आतबाहेर भरते, म्हणजे तुमच्या घरातल्या मांजरीपेक्षा लहान. जगातल्या सगळ्यांत छोट्या रानमांजरांत तिची गणना होते. भारत, नेपाळ आणि श्रीलंका सोडून ती कुठंच नाही. उंदीर, सरडे, पाखरं खाते. माणसाला तिच्यापासून काही म्हणता काही धोका नाही, उलट उसातले उंदीर ती फुकटात कमी करते. पुणे, नगर, नाशिक पट्ट्यात तोडीच्या हंगामात ‘बिबट्याची पिल्लं सापडली’ असे जे फोन येतात, त्यांतली बरीच पिल्लं वाघाटीची किंवा साध्या रानमांजराची, म्हणजे बाऊलाची निघतात. बाऊल मोठं झालं की अंगावर ठिपके राहत नाहीत, पण पिल्लांच्या अंगावर पट्टे असतात, म्हणून फसगत होते.

आता करायचं ते असं. दूध बंद करा. गाईच्या दुधानं या पिल्लांना हगवण लागते आणि त्यातच ती जातात. खोकं उबदार, अंधाऱ्या जागी ठेवा, पोरांना हाताळू देऊ नका. १९२६ हा वनखात्याचा टोल फ्री नंबर आहे, त्यावर किंवा तुमच्या बीटच्या वनरक्षकाला आत्ता फोन करा. वाघाटीला कायद्याचं संरक्षण बिबट्याइतकंच आहे, त्यामुळे ‘पाळू या’ हा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो काढून टाका. पिल्लं जिथं सापडली बरोबर त्याच जागी, दिवस मावळायच्या सुमाराला, उघड्या क्रेटमध्ये किंवा उथळ खोक्यात ठेवायची. तेवढ्या तुकड्यातली तोड त्या दिवशी थांबवायची, कुत्री बांधायची, आणि माणसांनी तिथून निघून जायचं. आई जवळच असते, बहुतेक वेळा त्याच रात्री येऊन एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. ‘माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही’ असं सासूबाई म्हणतील. तसं होत नाही. बिबट्याच्या माद्यासुद्धा माणसांनी हाताळलेली पिल्लं उचलून नेतात. जुन्नर-संगमनेर भागात वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली माणसं गेली कित्येक वर्षं याच पद्धतीनं पिल्लं आईकडं पोचवताहेत. पहिल्या रात्री नाही आली तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवायची. हे वनखात्याच्या माणसासमोर करा, एकट्यानं करू नका, कारण पिल्लू कशाचं हे फोटोवरून ठरवणारा मी लांब आहे आणि उसात वावरणारे तुम्ही आहात.

आता क्लिपा. या मात्र बिबट्याच्याच आहेत. रात्रीच्या कॅमेऱ्यात सगळंच पांढरं-काळं दिसतं आणि कॅमेऱ्याजवळून गेलेलं मांजरही वासराएवढं वाटतं, म्हणून आकाराचा अंदाज असा घ्यायचा: त्याच जागी, त्याच कॅमेऱ्यासमोर रात्री घरातल्या माणसाला उभं करायचं आणि दोन चित्रं शेजारी ठेवायची. बिबट्याचा खांदा माणसाच्या गुडघ्याच्या थोडा वर येतो, दोन फूट ते सव्वादोन फूट. शेपूट लांबलचक, टोकाला वर वळलेली. तरस असेल तर पाठ मागे उतरती दिसते, मानेवर आयाळ आणि झुपकेदार शेपूट. ठसा पाहायचा असेल तर चिखलात पाहा: बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या आणि तरसाच्या उमटतात.

तुमच्या पहिल्या दोन क्लिपांत फाटकाशी साखळीनं बांधलेलं कुत्रं आहे. तिसऱ्या क्लिपमध्ये साखळी आहे, कुत्रं नाही. तुम्ही पत्रात त्याबद्दल काही लिहिलं नाहीत. पण हा बिबट्या तुमच्या वस्तीवर का येतो याचं उत्तर बहुतेक तिथंच आहे.

शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेतून त्याच्या खाण्याचा अभ्यास केला होता. खाल्लेल्या वजनापैकी सत्याऐंशी टक्के पाळीव जनावरं निघाली आणि त्यांत एकट्या कुत्र्यांचा वाटा एकोणचाळीस टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या कितीतरी पट जास्त, तरी त्यांचा वाटा अकराच टक्के, कारण शेळी रात्री कोंडलेली असते आणि कुत्रं मोकळं किंवा दारात साखळीला. मांजरंसुद्धा त्या यादीत शेळीच्या वर होती. म्हणजे बिबट्याच्या दृष्टीनं तुमची वस्ती हे माणसांचं घर आहे असं समजू नका. त्याच्यासाठी तो कुत्र्यांचा पत्ता आहे. कुत्री कशावर जगतात ते बघा मग. तुमच्या तालुक्यात पोल्ट्र्या गावोगाव आहेत. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकणं, गाय व्यायली की जार उकिरड्यावर फेकणं, हॉटेलांचं खरकटं रस्त्याच्या कडेला ओतणं, यावर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. मी कुठल्याही वस्तीवर गेलो की आधी उकिरडा बघतो, ठसे नंतर. लोकांना ते थोडं अपमानास्पद वाटतं. पण पोल्ट्रीवाल्यानं खड्डा घेऊन चुना टाकून पक्षी पुरायला सुरुवात केली की त्या ओढ्यावरची वर्दळ कमी होते, हे गावातली माणसंच नंतर सांगतात.

‘वनखात्यानं आणून सोडलेत’ ही गोष्ट मी जुन्नरपासून नाशिकपर्यंत ऐकत आलोय. तिच्यावर हसू नये, कारण तिच्या मुळाशी एक खरी घटना आहे. २००१ नंतरच्या काही वर्षांत जुन्नर वनविभागात शेतातून पकडलेले बिबटे खरोखरच दुसरीकडच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. परिणाम उलटा झाला. त्याआधीच्या आठ-नऊ वर्षांत जुन्नरला माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होत होते, ते या काळात सतरावर गेले. याचा रीतसर अभ्यास प्रसिद्ध झाला आणि २०११ मध्ये केंद्र सरकारनं बिबट्यांबाबत ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत ‘नुसता दिसला म्हणून पकडू नका’ हे आलं ते याच अनुभवातून. पकडलेल्या जनावराला त्या काळापासून शेपटीच्या मुळाशी मायक्रोचिप बसवायची पद्धत सुरू झाली, म्हणजे पुन्हा सापडला तर तो कुठला हे कळतं.

पण तुमच्या उसातला बिबट्या कुणी आणावा लागत नाही. तो तिथंच जन्मतो. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांचं पाणी खाली उतरलं, पुढं प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस हे या खोऱ्याचं पीक झालं. तिकडं जुन्नर-आंबेगावला कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी तेच केलं. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. दाट, थंड, आत पाणी, आत माणूस फिरकत नाही. बिबट्याची मादी तीन-साडेतीन महिन्यांत विते, दोन-तीन पिल्लं देते आणि तेवढ्यासाठी तिला याहून चांगली जागा सह्याद्रीच्या कड्यावरही मिळणार नाही. आज उसात वाढलेल्या बिबट्यांच्या कित्येक पिढ्यांनी जंगल पाहिलेलंच नाही. त्यामुळे ‘जंगलात नेऊन सोडा’ या मागणीत त्याचं घर कुठलं, याचाच घोटाळा आहे.

किती असतील? गावात कुणी दहा म्हणेल, कुणी पंचवीस. अकोले तालुक्यात कॅमेरे लावून मोजणी झाली तेव्हा शंभर चौरस किलोमीटरला साधारण पाच प्रौढ बिबटे आणि तितकीच तरसं निघाली, आणि त्याच जागेत दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहत होती. त्या अभ्यासाच्या काळात तिथं बिबट्यानं माणूस मारल्याची नोंद नव्हती. एक बिबट्या रात्रीत सहज काही किलोमीटर चालतो. तुमच्याकडं एकला दिसलेला पहाटे चारला पलीकडच्या गावच्या कॅमेऱ्यात येतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळपर्यंत ते दोन होतात, दुपारपर्यंत जोडी आणि पिल्लं. अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, आणि एकाच बिबट्याच्या डाव्या-उजव्या कुशीचीही वेगळी. म्हणून क्लिप फॉरवर्ड करण्याऐवजी मूळ फाइल, तारीख आणि वेळ तशीच ठेवून, वनरक्षकाला द्या. त्यांना त्यावरून एकच जनावर फिरतंय की दोन हे ठरवता येतं. हल्ली तर एआयनं बनवलेले बिबटे सोसायटीच्या जिन्यात बसलेले फिरतात. त्या एका फोटोपायी वनखात्याचं पथक अर्धा दिवस वाया घालवतं आणि ज्या वस्तीवर खरंच गरज असते तिथं उशिरा पोचतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, पिंजरा. बिबट्या अनुसूची एकमधला, म्हणजे कायद्यानं सगळ्यांत कडक संरक्षण दिलेला प्राणी आहे. त्याला पकडायचं तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम अकराखाली राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि ती माणसाच्या जिवाला धोका आहे असं दिसल्यावर मिळते. तुमच्या वनक्षेत्रपालांनी हात झटकले असं तुम्हाला वाटलं, पण या तीन क्लिपांवर पिंजरा न लावणं हे मला बरोबर वाटतं, आणि कारण कायद्याचं नाही, जनावराच्या वागण्याचं आहे.

तिन्ही क्लिपांत वेळ रात्री एक ते तीनची आहे. तो गोठ्याच्या भिंतीकडेनं येतो, उकिरड्यावर थांबतो, लांब घरात कुणीतरी दिवा लावला की कान टवकारून लगेच उसात शिरतो. हा माणसाला टाळणारा, जागा नीट ओळखणारा प्राणी आहे. तो बहुधा वर्षभर तुमच्या अवतीभवती आहे. तुम्हाला दिसला तो कॅमेरा बसवल्यामुळे. असा बिबट्या पकडून नेला की त्याची जागा रिकामी होते. ती भरायला शेजारचे येतात, त्यांत तरुण, अजून जागा न मिळालेले नर असतात, त्यांना इथल्या पायवाटा, माणसांच्या वेळा ठाऊक नसतात. आणि ज्याला नेला तो सोडल्या जागी बसत नाही. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्कर नर बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडला होता. ‘आजोबा’ म्हणत त्याला. तो घाट उतरून, हमरस्ते, रेल्वे आणि कारखान्यांचा पट्टा ओलांडून महिन्याच्या आत सव्वाशे-एक किलोमीटरवरच्या मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडं जाऊन पोचला. वाटेत त्यानं माणसाला हात लावला नाही हे त्याचं आणि आपलं नशीब. दोन वर्षांनी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीखाली तो गेला. शिवाय पिंजऱ्यात शेळी किंवा कोंबडी ठेवली की जो भुकेला तो आत येतो. ज्याच्यावर तक्रार तोच सापडेल याची हमी कुणी देऊ शकत नाही.

मग पिंजरा कधी? दिवसाढवळ्या माणसांसमोर वस्तीत वावरतोय, हाकललं तरी हलत नाही. घरात शिरण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करतोय. लंगडतोय, हाडं दिसताहेत, म्हणजे शिकार जमत नाही. किंवा माणसावर झडप घातलीय आणि ती पिल्लांच्या किंवा अडचणीत सापडल्याच्या भीतीतून नव्हती. यांतलं एक जरी दिसलं तर गप्प बसू नका, लेखी अर्ज द्या, पोच घ्या, वर उपवनसंरक्षकांपर्यंत जा. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात काही आठवड्यांत तीन माणसं गेली, त्यांत दोन मुलं होती. लोक रस्त्यावर बसले, शेवटी तिथला बिबट्या गोळी घालून मारला गेला. तिथं जाऊन कुणी ‘सहजीवना’वर व्याख्यान देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. शहरात बसून बिबट्याचे फोटो आवडणाऱ्यांना या रानात रात्री मोटर चालू करायला जावं लागत नाही. पण पिंपरखेड आणि तुमची वस्ती यांत फरक आहे, आणि तुमची वस्ती पिंपरखेड होऊ नये यासाठी जे करायचं ते पिंजऱ्याच्या आधीचं आहे.

माणसावरचे हल्ले कुणावर होतात ते बघा: लहान मुलं, आणि वाकलेली किंवा बसलेली मोठी माणसं. घास कापायला वाकलेली बाई, उसाकडेला परसाकडं बसलेला माणूस, अंगणात खेळणारं पोर. उभा माणूस बिबट्याच्या शिकारीच्या मापात बसत नाही, बसलेला बसतो. वेळ बहुतेक दिवस मावळल्यापासून रात्री आठ-नऊपर्यंत आणि पहाटेची. म्हणून पहिला नियम मुलांचा. सहा वाजले की मुलं दारात नाही, घरात. शेजारच्या वस्तीवर जायचं तर मोठं माणूस मागे आणि मूल पुढे, उलटं नाही. मागे चालणारं मूल कधी मागे राहिलं हे पुढच्याला कळत नाही. उन्हाळ्यात ओट्यावर झोपायची सवय असेल तर यंदापासून बंद. संडास घरात किंवा घराला लागून हवा. गवत कापताना एकानं वाकायचं, एकानं उभं राहायचं, मोबाइलवर गाणी लावायची, म्हाताऱ्या माणसांनी घुंगराची काठी आपटत चालायचं. बिबट्याला माणूस आलाय हे आधी कळलं तर तोच बाजूला होतो. दोघं अचानक समोरासमोर आले की भानगड होते.

घरापासून तीस-चाळीस फूट जागा मोकळी ठेवा. तुमच्या क्लिपमध्ये गिन्नी गवत गोठ्याच्या भिंतीला टेकलंय आणि त्याला लागून ऊस. पुढच्या लागणीला तेवढे सरे सोडा. उसाचं पाच-सात हजारांचं नुकसान होईल, सासरे कुरकुर करतील, पण रात्री दारातून टॉर्च मारली तर काहीतरी दिसेल तरी.

गोठ्याला जाळी चारी बाजूंनी मारली की लोक निर्धास्त होतात आणि वर पत्र्याखाली दोन फूट फट तशीच राहते. बिबट्या त्या फटीतूनच येतो. कुंपण आठ फुटांचं करा नाहीतर दहा, वरून बंद नसेल तर उपयोग नाही. शेळ्यांचं शेड सगळ्यांत आधी, वरून आणि खालून बंद, दाराला कडी. एवढंसं शेड आणि आत दहा शेळ्या, आणि त्यात तो शिरला तर शेळ्या घाबरून धावतात, त्याला बाहेर पडता येत नाही, आणि सकाळी खाल्लेली एक, मेलेल्या आठ असं दिसतं. मोठ्या गाईंना फारसा धोका नाही, वासरांना आहे. वासरं आतल्या बाजूला बांधा. कुत्रं पुन्हा आणाल, तेव्हा ते रात्री फाटकाशी साखळीला नको. आत, बंद जागेत. धनगर मेंढ्यांमागच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, तोही चांगला, कारण बिबट्या मान धरतो.

दिवे लावा, पण भरवसा दिव्यावर ठेवू नका. त्याला आठवड्यात सवय होते. सौर दिवे, भोंगे, लुकलुकणाऱ्या माळा सगळ्यांचं तेच. जागा बदलत राहिलात तर थोडं चालतं.

समोर आलाच तर पळायचं नाही, खाली वाकून दगड उचलायचा नाही, पाठ फिरवायची नाही. मूल असेल तर वाकल्याशिवाय उचलता येत नाही, म्हणून त्याला हाताला धरून अंगाशी ओढायचं. हात वर करून मोठ्यानं बोलायचं आणि हळूहळू मागे सरकायचं. त्याला निघायला वाट ठेवायची. उसात गेला की विषय संपला, मागे जायचं नाही. घरात किंवा गोठ्यात शिरला असेल तर माणसं बाहेर, बाहेरून कडी, आणि फोन. यानंतरचा सगळ्यांत मोठा धोका बिबट्या नसून गर्दी असते. मोबाइल वर धरून दोनशे माणसं जमली की तो बावरतो, आणि या कामात माणसं जखमी होतात ती जास्त करून अशाच गर्दीत. बेशुद्धीचं इंजेक्शन बंदुकीतून मारलं की जनावर लगेच आडवं होतं असं सिनेमात दिसतं. प्रत्यक्षात औषध चढायला दहा-पंधरा मिनिटं जातात आणि तेवढ्या वेळात बिथरलेला बिबट्या कुठंही जाऊ शकतो, म्हणून अंधारात आणि गर्दीत पशुवैद्य ते मारायला तयार होत नाहीत. त्यांच्यावर ओरडू नका. सरपंच-पोलीस पाटलांना सांगून लोक मागे हटवा, तीच मोठी मदत.

विहिरीला कठडा आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल तर बांधून घ्या. कुत्र्यामागे धावताना बिबटे उघड्या विहिरीत पडतात, आणि मग तुमच्या मळ्यात तीच दोनशे माणसं जमतात.

जनावर मारलं गेलं तर भरपाई मिळते, पण घाई करून ती घालवू नका. मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, फोटो काढायचे, अठ्ठेचाळीस तासांच्या आत वनखात्याला कळवायचं, पंचनामा आणि पशुवैद्यकाचा दाखला झाल्यावरच विल्हेवाट लावायची. रागाच्या भरात त्या धडात विष घालणं किंवा कुंपणात वीज सोडणं हा गुन्हा तर आहेच, आणि कुंपणातली वीज बिबट्याआधी शेजाऱ्याचा मुलगा शोधते.

तुमच्याकडं वाघबारशीला अकोले तालुक्यातल्या आदिवासी वाड्यांवर वाघोबाची पूजा होते, ते तुम्हाला ठाऊक असेल. लोक त्यावरून फार सुंदर निष्कर्ष काढतात. मला एवढंच दिसतं की त्या वाड्यांवर दिवे लागायच्या वेळेला पोरं-ढोरं आत घ्यायची शिस्त अजून आहे. मळ्यातल्या वस्त्या नव्या, ती शिस्त आपल्याकडं नाही.

शेवटच्या दोन गोष्टी तुमच्या एकटीच्या हातात नाहीत, त्यासाठी ग्रामसभा लागेल. पहिली, वीज. शेतीपंपाला थ्री फेज रात्री मिळते म्हणून माणसं बिबट्याच्याच वेळेला उसात पाणी धरायला उतरतात. जुन्नर, शिरूरकडच्या गावांनी दिवसा वीज द्या ही मागणी बिबट्याच्या नावानं लावून धरलीय, आणि ती योग्य आहे. सौर कृषी वाहिनीचा फीडर तुमच्या गावाला कधी मिळणार हे महावितरणला ठराव करून लेखी विचारा. तोवर रात्री पाण्याला एकटं कुणी जायचं नाही, दोघं जायचं, आणि ट्रॅक्टर असेल तर तो चालू ठेवून.

दुसरी, तोडणीची टोळी. त्यांच्या कोप्या, म्हणजे हंगामापुरत्या झोपड्या, तुमच्या गावात आत्ता उसाला लागून असतील, दाराला चवाळं, आणि आईबाप पहाटे चारला फडात गेले की पोरं आत एकटी. बिबट्याच्या बाबतीत तालुक्यात सगळ्यांत उघड्यावर कोण असेल तर ती मुलं. मुकादमाशी आणि कारखान्याच्या शेतकी खात्याच्या माणसाशी बोलून कोप्या मोकळ्या रानात, एकमेकींना लागून, तोंडं आतल्या बाजूला अशा हलवून घ्या. ग्रामपंचायतीनं तिथं एक दिवा द्यावा आणि पहाटे मुलांपाशी थांबायला टोळीतली एक बाई ठेवावी, तिची हजेरी धरून. फड तोडताना चारी बाजूंनी आत यायचं नाही. एका बाजूनं सुरू करून शेजारच्या उभ्या उसाच्या दिशेनं जायचं, म्हणजे आत जे काही असेल ते पुढे सरकत बाहेर पडतं. शेवटी राहिलेल्या पट्ट्यात शिरण्याआधी डबे वाजवा, तास-दोन तास थांबा आणि मग कोयता लावा.